हिंगणीचा वारा अन् माही ताडपत्री

हिंगणघाटच्या बाहेर ज्या बाया नवऱ्याबिगर कधी गेल्या नाईत त्याईच्यासाठी हे लिहून राह्यली, कारन मीबी कधी गेली नोहोती. तीन दिवस गेलती मी. वर्धा, सेलू, केळझर अन् हिंगणी. नकाशात पाह्यलं तर बोटभर अंतर हाय. पन मले इचारसान तर मी लय दूर जाऊन आली. आठवीपर्यंत शिकली हाव, शुद्धलेखनात मले कधी मार्क भेटले नाई, म्हनून तोंडातून जसं येते तसंच लिहिलं. कधी सांगते अन् कधी नाई असं होऊन राह्यलं मले.

पहिले काऊन गेली ते सांगते म्हंजे समजन.

मी शिवनकाम करते. करत होती म्हना. माही पोरगी परी झाल्यापासून मशीनवर चादर टाकली ते टाकलीच, अन् मग मले भेवच भरलं. मागच्या उन्हाळ्यात वावधन, म्हंजे वादळ, आलं तवा आमच्या सयपाकाच्या खोलीवरचे टिन उडाले अन् परी तिथंच खाली झोपून होती. तिले काईच झालं नाई, ती उठलीबी नाई, पन तवापासून झाडाचं पान हाललं तरी मी तिले उचलून छातीशी धरे. परीचे बाबा जिनिंगमधी कामाले हायेत, ते म्हने, अवं वारा हाय तो, वाघ नोहे. पन मनाले कोन समजवन.

तर वर्ध्याच्या एक मॅडम हायेत. त्या कॉलेजच्या पोरींले घेऊन रानात फिराले जातात अन् तिथंच ताडपत्री बांधून मुक्काम करतात. त्याईच्या ताडपत्र्या जुन्या, निळ्या, जाड, ओली झाली का एक उचलाले दोन पोरी लागे. त्याईले हलकी पाह्यजे होती, पाठीवरच्या पिशवीत एका कोपऱ्यात माईन अशी. माही ननंद ज्योती त्याच कॉलेजात शिकते, तिनं मले न इचारता सांगून टाकलं का माही वहिनी शिवून देईन. मग मॅडम आमच्या घरी आल्या. मी रेनकोटच्या पातळ हिरव्या कापडाची एक शिवून दाखवली. दोन पन्हे जोडले, शिवन दोनदा मुडपून घेतली, शिवनीतून पानी येऊ नये म्हनून त्याच्यावर मेनबत्ती घासली, अन् फ्लेक्सवाल्याकडून चारी कोपऱ्याले रिंगा ठोकून आनल्या, जशा बॅनरले असतात तशा. मॅडमनं उलटीपालटी करून पाह्यली अन् म्हनल्या का अकरा पाह्यजेत, जमल्या तर तुहंच काम, नाई तर नागपूरवरून रेडीमेड आनते. मग परीकडं पाह्यलं त्याईनं.

म्हनल्या, "शीतल, माझी अट एकच. तू ज्याच्याखाली तुझ्या पोरीला झोपवशील, त्याच्याखाली मी माझ्या पोरींना झोपवीन."

हिंगणीले त्याईच्या वळखीच्या कमलाबाईची वांग्याची वाडी हाय, रानाच्या काठाले. तिथं दोन दिवस बांधून पाह्य, तिसऱ्या दिवशी मी येते, असं ठरलं. मी हो म्हनली.

हिंगणघाट: दोर घेनं

ताडपत्री शिवनं सोपं हाय. तिले बांधाचं कायनं, हे कठीन हाय. हे मले दोराच्या दुकानात समजलं. दुकानवाले काका वयानं मोठे, चष्मा कपाळावर. त्याईनं माह्यासमोर सारं पसरलं, सुती दोर, काथ्याचा दोर, पिवळी नायलॉनची दोरी, अन् एक पातळ चकचकीत दोरी, बुटाच्या लेसवानी गोल अन् घट्ट विनलेली. मॅडमनं मोबाईलवर दाखवली होती तशीच ते. पन एवढी बारीक का मी दोन बोटात धरली अन् मले हसू आलं, ही काय वारा थांबवन. मी सगळ्यात जाड सुती दोराकडं बोट केलं.

काका म्हने, "काय बांधाचं हाय वो बाई, बैल का टरक?"

मी म्हनली कापड हाय, रेनकोटचं. त्याईनं चष्मा डोळ्यावर घेतला अन् मले नीट पाह्यलं. पन सुतीच घे, हे त्याईनंच सांगतलं. हिंगणघाटात राहून नायलॉन कायले घेते, सुती हाताले लागत नाई, गाठ धरून ठेवते, नायलॉनची गाठ सटकते. हे ऐकून मले लय बरं वाटलं. आमचं सारं गावच कापसावर जगते, घरी नवरा कापसात, बाप कापसात होता, तर मी कापसावर भरोसा नाई करनार तर कोनावर. वीस हात जाड सुती घेतला, दहा हात अजून घेतला, अन् ज्योतीनं हट्ट केला म्हनून ते बारीक दोरीचं एक बंडल. मग वेल्डिंगवाल्याकडून हातभर लांब सळाकीच्या आठ खुंट्या कापून आनल्या. घरी येऊन पिशवी उचलली तर खांदाच वाकला.

ज्योती पलंगावर बसून हसत होती. म्हने, "वहिनी, ताडपत्री अर्धा किलो अन् तिले बांधाचं सामान पाच किलो. मॅडमनं हलकं म्हनलं होतं ना?"

मी म्हनली, तुह्या घरचे टिन उडाले असते तर तूबी सहा किलो नेलं असतं. ती म्हने माह्याच घरचे उडाले वो वहिनी. ते खरंच होतं.

केळझर: जिथं जाचंच नोहोतं

मी, ज्योती अन् परी निंगालो, वर्ध्यापर्यंत काई झालं नाई. तिथून नागपूरकडची एसटी धरली, सेलूले उतरून मग ऑटोनं हिंगणी, असा हिशोब. खिडकीतून पळस दिसे, वावराच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठाले, एक पान नाई अन् सारं झाड लालभडक. परी बोट दाखवे अन् म्हने, फू, फू. फूल म्हनाचं असते तिले. मलेबी असं वाटे का बोट दाखवावं अन् वरडावं.

सेलू यायले अजून टाईम हाय म्हनून मी परीले दूध पाजत होती, तितक्यात मंगं बसलेला एक मानूस वरडला का माह्या पायाले काय गुंडाळलं. पाह्यतो तर पिशवीचं तोंड सुटलं होतं अन् सुती दोर सीटच्या खालून मंगपर्यंत गेलता, त्या मानसाच्या चपलात, त्याच्या मंगच्या बाईच्या भाजीच्या थैलीत, एका कोंबडीच्या टोपलीले तर दोन वेढे. ज्योती खाली वाकून गुंडाळे अन् वरून लोक सांगे, इकडून काढ, तिकडून नको. कोंबडी वरडे. कंडक्टर म्हने, बाई, गाडी बांधून नेता का घरी. ह्या सगळ्यात सेलू आलं अन् गेलं. आमाले समजलं तवा केळझरच्या पाट्या दिसत होत्या.

मी घाबरली. लेकरू कडेवर, गाव अनोळखी. ज्योती म्हने, वहिनी, दोन तासानं वापस गाडी हाय, आता आलो तर तर्री पोहा खाऊ. आमच्या इकडं पोह्यावर तर्री, म्हंजे तिखट रस्सा, टाकतात ते उलुशी, लाल रंग आला का झालं. केळझरच्या त्या टपरीवाल्यानं पोहे पार बुडवून टाकले, त्यात हरभरे, वरून कच्चा कांदा, नाक वाहून राह्यलं माहं अन् हात थांबत नाई. खाल्ल्यावर भेव कमी होते हे मले त्या दिवशी समजलं. गनपतीच्या टेकडीवर लोक चढत होते. आमी जय भीमवाले, दर्शनाले नाई गेलो, पन दहा-वीस पायऱ्या चढून पाह्यलं, खाली सारा गव्हाचा पिवळा इलाका अन् पळसाचे ठिपके, मंगून वारा. गरम नाई, गार नाई, मस्त.

मग ऊन लागे परीले, अन् गाडीले टाईम होता, तर ज्योती म्हने, इथंच बांधून पाहू. दोन निंबाच्या झाडाच्या मधात मी सुती दोर बांधला अन् ताडपत्री त्याच्यावर टाकली. मले मालूम नोहोतं का ताडपत्री बांधाले लागलं का दहा मानसं जमा होतात अन् दहाच्या दहाले ते येते. एक म्हने उंच बांध, एक म्हने बुटकी बांध. टपरीवाला पोहे सोडून आला अन् म्हने, माह्या टपरीचं पाल मी रोज बांधतो, तिरपं कर. एक म्हातारा नुसता दोराले बोटानं टिचकी मारे अन् मान हालवे. पन ती उभी राह्यली. खाली हिरवा उजेड पडला, परीच्या गालावर, तिच्या झबल्यावर, अन् ती दोन्ही हात वर करून नाचाले लागली. माह्या हातानं शिवलेल्या कापडाची सावली. मी कितीक ब्लाऊज शिवले असतीन, पन शिवलेल्या गोष्टीच्या खाली मी कधी बसली नोहोती.

हिंगणी: पहिला दिवस

कमलाबाई वाडीच्या तोंडाशीच उभ्या होत्या. साठीच्या असतीन, नऊवारी खोचलेली, हातात इळा. सकाळपासून वाट पाहून राह्यली बापा, म्हने, का वाघानं नेलं तुमाले. वाडीच्या पल्याड नाला, नाल्याच्या पल्याड रान चालू होते, ते दिसतच होतं, सागाची झाडं अन् बांबू. मी इचारलं, इकडं वाघ येते का.

"येते ना," कमलाबाई म्हने. "पन त्याले वांगे आवडत नाई."

ज्योती इतकी हसली का तिले ठसका लागला. मी मात्र परीले कडेवरून खाली ठेवलंच नाई. मग कमलाबाईनंच समजावून सांगतलं, नाल्याच्या अलीकडं तो कधी आला नाई, वरून वाडीले कुंपन हाय, कुत्रे हायेत, अन् आपन बांधाचं ते घराच्या इतकं जवळ का चुलीवरचं बेसन जळलं तर वास येते.

तूर काढलेला एक तुकडा होता, एका बाजूले आंब्याचं झाड, दुसऱ्या बाजूले कुंपनाचा जाड खांब. त्याच्या मधात दोर बांधला. माती आमच्याकडच्यासारखीच काळी, पन वाळून अशी भेगाळली होती का सळाकीची खुंटी एकतर दगडावानी मातीत जाच नाई, नाई तर भेगेत गेली का ढिल्ली. कोपऱ्याच्या चार खुंट्या दगडानं ठोकून ठोकून बसवल्या, कोपरेबी सुती दोरानंच बांधले. अन् दोर मी तानला. लय तानला. पाय आंब्याले लावून, सारं अंग टाकून. ताडपत्री ढोलकीवानी वाजे, टक टक. कमलाबाई उभ्या राहून पाहे.

म्हने, "इतकं ताठ कायले बांधते वो बाई? तिले उलुसा श्वास तर घेऊ दे."

मी म्हनली वाऱ्याचं भेव वाटते. टिन उडाल्याचं सांगतलं. त्या हसल्या नाईत. बांध बापा मग, म्हनल्या अन् हुळा भाजाले गेल्या.

हुळा म्हंजे काय, हे शहरातल्याईले सांगाले पाह्यजे. हिरवा हरभरा झाडासकट उपटाचा अन् काडीकचऱ्याच्या जाळावर भाजाचा. घाटे काळे पडतात, मग राखेतून येचून येचून खाचे, तोंड काळं, हात काळे, परीचं तर नाकबी काळं. आमच्याकडं हरभरा बाजारातून येते, सोललेला, थैलीत. इथं वावरातून सरळ जाळात. संग रोडगे होते, गव्हाच्या पिठाचे, गोवऱ्यात भाजलेले, अन् वांग्याची भाजी, संध्याकाळी तोडलेले वांगे अन् इतकं तिखट का ज्योतीनं दोन तांबे पानी पेलं.

पन खरं सांगते, त्या रात्री परीले मी ताडपत्रीखाली नाई नेलं. ज्योती झोपली तिथं, कमलाबाईच्या नातीसंग. मी परीले घेऊन घरात, भिंतीच्या कोपऱ्यात, डोक्यावर स्लॅब. स्वतःच शिवलेली, स्वतःच बांधलेली, अन् स्वतःच भेत होती. झोपेपर्यंत मॅडमचे शब्द कानात फिरे.

हिंगणी: दुसरा दिवस

सकाळ एकदम साफ होती. दुपारी जेवन झालं अन् रानाकडून आभाळ दाटून आलं. मार्च महिना, कोनाच्या मनात नाई, कमलाबाई म्हने गहू पडते आता. पहिले वारा आला, सागाच्या वाळल्या पानाचा असा आवाज का हजार मानसं चालून येऊन राह्यली. मी परीले उचलून घरात पळाली. दारातून पाह्यलं तर ताडपत्री उभी. थरथर करे, वाजे, पन उभी. माह्या छातीत असं काई फुललं. पाह्य, पाह्य, मी म्हनत होती, परीले का स्वतःले मालूम नाई.

मग पानी आलं. मोठे मोठे थेंब, पाच-दहा मिनिटंच आलं असन. अन् माह्या डोळ्यासमोर काय झालं, का वारा कमी झाला तरी दोर अजून तानत गेला. कोनी तानत नोहोतं. आपोआप तानला जात होता. ताडपत्रीच्या मधातली शिवन वर उचलली, कोपरा लांब झाला, लांब झाला, अन् चर्र. रिंग कापड फाडून निंगाली. एक खुंटी चिखलातून वर आली, उडाली, अन् माही हिरवी ताडपत्री वांग्याच्या ओळीवरून पळाली, मंगून ज्योती पळाली, ओढनी काट्यात अडकली, पडली, उठली, पुन्हा पळाली. शेवटी कुंपनात जाऊन गुंडाळली गेली ती. ज्योती वापस आली तवा गुडघ्यापर्यंत चिखल अन् तोंडानं म्हने, पकडली, वहिनी, पकडली.

मी दारात बसून रडली. गेलं काम. नागपूरवरून रेडीमेड.

कमलाबाई आंब्याकडं गेल्या, दोराची गाठ सोडाले लागल्या तर सुटेच ना. दगड झालती गाठ. इळ्यानं कापली त्याईनं अन् तो ओला तुकडा माह्या मांडीवर आनून टाकला. मग घरातली खाट ओढून आंगनात आनली, दोराची, मधात झोळ पडलेली. अन् वरून तांब्यानं पानी शिंपडलं.

"आता पाह्य," म्हने. "खाट ढिल्ली झाली का आमी पानी शिंपडतो. सूत असो का सुंभ, पानी पेलं का आखडते. कापसाच्या गावची तू, अन् तुले हे मालूम नाई?"

मी पाहातच राह्यली. थोड्या वेळानं त्या खाटेचा झोळ खरंच वर आला. माह्या माहेरी खाट होती. सासरी पलंग हाय. पलंगावर झोपून कापसाचं अर्धं शिक्षन राहून गेलं माहं. अन् तिथंच माहं रडनं बंद झालं, कारन मले समजलं का ताडपत्री वाऱ्यानं फाटलीच नाई. वाऱ्यात तर ती उभी होती. मी भेवानं आधीच इतकी तानली होती का पान्यानं आखडलेल्या दोराले जायले जागाच नोहोती. अन् रिंग ठोकली ते एका पदराच्या पातळ कापडावर. बॅनर जाड असते म्हनून तिथं टिकते.

मग काय सांगू. संध्याकाळपर्यंत आमी तिघी बसलो नाई. सुई-दोरा माह्या पर्समधी असतेच. ताडपत्रीची घडी ठेवाची पिशवी मी त्याच कापडाची शिवली होती, तिले उसवलं अन् चारी कोपऱ्याले तीन-तीन पदराचे त्रिकोन लावले. रिंगा फेकल्या. परीच्या बॅगचा जास्तीचा पट्टा कापून त्याचे चार फासे शिवले, शिवन चौकोनी अन् मधात फुली, शाळेच्या दप्तरले असते तशी. दोर कोनता? बारीक चकचकीत. कमलाबाई एक टोक कमरेले बांधून मंगं झुकल्या, आमी दोघी दुसरीकडून. तुटली नाई, अन् पान्यात भिजवून पाह्यली तर आखडलीबी नाई, उलट उलुशी ढिल्ली झाली. पन तिची गाठ खरंच सटके. दुकानवाले काका तितकं बरोबर बोलले होते. तर कमलाबाईनं गाईचं दावं आनून दाखवलं, एका टोकाले मोठी गाठ, दुसऱ्या टोकाले फासा, गाठ फाशातून घातली का गाय बांधली, एका हातानं सुटते. आमी गाठीच्या जागी बांबूची बोटभर काडी टाकली. आता कितीबी पानी येवो, काडी काढली का दोर मोकळा, इळा नाई लागत.

अन् कोपरा अन् दोर याच्या मधात सायकलच्या जुन्या ट्यूबचा एकेक तुकडा. हे ज्योतीच्या डोक्यातून आलं. वारा आला का ट्यूब लांबन, कापडाले झटका नाई बसनार. सळाकीच्या खुंट्या कोपऱ्यात ठेवून दिल्या. त्याच्याऐवजी तुऱ्हाटीच्या, म्हंजे वाळल्या तुरीच्या, चार-पाच काड्याची जुडी बांधाची, तिच्या मधात दोर, अन् आडवी जमिनीत हातभर खोल गाडून वरून पाय द्याचा. काळी माती सुकी असो का ओली, जुडी वर येत नाई. तुऱ्हाटी तर कोनत्याबी वावरात पडलेली असते, पाठीवर न्याचं कामच नाई. अन् रानाकडची बाजू जमिनीले लावली, घराकडची उघडी ठेवली, कारन वारा रानाकडून येते.

झाल्यावर मी सामान हातात घेऊन पाह्यलं. एका हातात. परीले दुसऱ्या हातात घेता येईन इतकं हलकं. मी ज्योतीले म्हनली, उचलून पाह्य, उचलून पाह्य, असं चार खेप म्हनली, तर ती म्हने वहिनी, आता मले झोपू दे. परी त्या रात्रीबी माह्यासंग घरातच झोपली.

हिंगणी: तिसरा दिवस

मॅडम अकरा वाजता येनार होत्या, बारा झाले तरी नाई. परी सकाळपासून कोंबड्याच्या मंगं पळून थकली होती. एक कोंबडी ताडपत्रीखाली घुसली, मंगून परी घुसली. कोंबडी दुसरीकडून निंगाली अन् परी नाई निंगाली. मी वाकून पाह्यलं तर सतरंजीवर उपडी, अंगठा तोंडात, झोपलेली.

तितक्यात सागाची पानं वाजली.

मी आत गेली, तिच्या पोटाखाली हात घातला. उचलनारच होती. वारा आला, कालच्यावानीच आला, धूळ घेऊन. ताडपत्री माह्या डोक्यावर फुगली. मी वर पाह्यलं. ट्यूब लांब झाली, कापड वर गेलं, वारा वरून निंगून गेला, ट्यूब आखूड झाली, कापड खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. झोपलेल्या लेकराचं पोट जसं होते तसं. माहा हात परीच्या पोटाखालीच होता अन् तेबी तसंच वर-खाली होत होतं. किती वेळ बसली मालूम नाई. मग मी हात काढून घेतला. हळू. अन् बाहेर आली, अन् कमलाबाईसंग मेथी निवडाले बसली. पाठ ताडपत्रीकडं करून नाई बसू शकली, ते नाई जमलं. पन बसली.

मॅडम आल्या तवा वारा चालूच होता. त्याईनं चप्पल काढली, वाकून आत पाह्यलं, परीले पाह्यलं, मग माह्याकडं पाह्यलं. मग एकेक दोर धरून पाह्यला, ट्यूब तानून पाह्यली, काडी काढून पुन्हा लावली, तुऱ्हाटीच्या जुडीवर उभ्या राह्यल्या. शेवटी कोपऱ्यावर बोट फिरवलं.

"हे तीन पदर लावलेस ते चांगलं केलंस," म्हनल्या. "घरूनच सुचलं होतं?"

ज्योतीनं मॅडमच्या पाठीमंगून मले डोळे केले, हो म्हन, हो म्हन. हो म्हनलं असतं तर कोनाले समजनार होतं. पन मले कालपासून पोटात मावत नोहोतं. मी म्हनली नाई मॅडम, काल फाटली. अन् मग मी थांबलीच नाई. सुती दोर कसा आखडला, आवाज कसा आला, रिंग कशी निंगाली, ज्योती वांग्यातून कशी पळाली, खाटेवर पानी टाकल्यावर काय झालं, दोन्ही रात्री परीले मी आनलं नाई अन् घरात झोपली, तेबी सांगून टाकलं. कापलेला दोर आनला, फाटलेली रिंग आनली. ज्योतीनं कपाळाले हात लावला.

मॅडमनं ते सारं ऐकलं. दोराचा तुकडा हातात घेऊन तानून पाह्यला. म्हनल्या, हे दोन्ही मी नेते, मागच्या पावसाळ्यात आमच्या दोन ताडपत्र्या अशाच फाटल्या अन् आमी वाऱ्याले दोष देत बसलो.

मग म्हनल्या, "अकरा शिव. अन् पोरींना बांधायला मी नाही शिकवणार, तू शिकवायचं. पुढच्या महिन्यात पाच दिवस, पोरींसोबत. परीला घेऊन ये."

पाच दिवस. रान. मी कधी कोनाले काई शिकवलं नाई, आठवीतली बाई कॉलेजच्या पोरींले काय सांगन. अन् मी ऐकलं तर माहंच तोंड बोलून राह्यलं होतं का येतो मॅडम, पन सगळ्या पोरींनं सुई-दोरा संग आनाचा.

मॅडम ऑटोत बसून गेल्या. धूळ खाली बसली. ज्योती माह्याकडं पाहून राह्यली होती.

म्हने, "वहिनी, घरी इचारलं नाई तू."

नोहोतं इचारलं. मनातच आलं नोहोतं. मी ताडपत्रीखाली परीच्या बाजूले जाऊन आडवी झाली, पाय लांब केले, अन् डोळे मिटले.